महूचा मेडलवाला: पाचात चार तारे

काम होतं आठ मेडलं एका फ्रेममध्ये बसवण्याचं. त्यातलं एक हरवलेलं आहे, हे दुकानात पोचेपर्यंत मी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

मेडलं माझ्या सासऱ्यांची, नानांची. १९५४ साली इंदूरहून जबलपूरला जाऊन सिग्नल्समध्ये, म्हणजे फौजेच्या संदेश-दळणवळणाच्या शाखेत, भरती झाले, १९८० ला सुभेदार म्हणून घरी आले, आणि गेल्या वर्षी नव्वदीला चार महिने कमी असताना गेले. वर्षश्राद्धाच्या आधी फ्रेम भिंतीवर लागायला हवी, असं ह्यांच्या मनात होतं. ह्यांच्या मनात येतं, धावपळ माझ्या वाट्याला येते. ही वाटणी आमच्याकडे ३४ वर्षं जुनी आहे.

आधी इंदुरातच एका फ्रेमवाल्याकडे दिलं होतं. चकाचक दुकान, काचेचा दरवाजा, आत एसी. त्याने काय केलं, तर दिसायला बरं म्हणून ताऱ्याच्या आकाराची दोन मेडलं दोन टोकांना लावली आणि गोल मेडलं मध्ये. मागे काळी मखमल, सगळं गरम गोंदाच्या पिचकारीने चिकटवलेलं, आणि खाली सोनेरी अक्षरांत ‘रिअल हिरो’. ही अक्षरं आम्ही मागितली नव्हती. फ्री होती म्हणे. नानांच्या तोंडी हिरो हा शब्द फक्त सायकलच्या संदर्भात यायचा. ह्यांनी फ्रेम पाहिली, काही बोलले नाहीत आणि सोफ्यामागे भिंतीकडे तोंड करून ठेवून दिली. मग नानांच्या पेन्शनच्या रांगेतले एक जुने स्नेही घरी आले होते, त्यांनी ती उलटी करून पाहिली आणि म्हणाले, ‘‘सूनबाई, हे महूला न्या. मेन स्ट्रीटवर मेडलवाला विचारा.’’

पाटी आहे, पण अक्षरं उन्हाने उडालेली. नाव शोधत बसू नका, मेडलवाला म्हटलं की कुणीही बोट दाखवतं. इंदुरातल्या सुदामा नगरहून, आमच्या घरून, आम्हाला राऊमार्गे पाऊण तास लागला. पहिल्या खेपेला मंगळवार होता आणि दुकान बंद. फोन तीनदा केला होता, उचलला नव्हता. फोन न उचलणं ही त्यांची रीतच आहे, हे मागाहून कळलं. तिथेच अर्धा तारा कापायचा ठरवलं होतं, पुढे तो परत दिला, कशासाठी ते सांगते.

दुकान जेमतेम आठ फूट रुंद. एका भिंतीला वरपासून खालपर्यंत लाकडी खण, प्रत्येक खणात रिबिनींची रिळं. दुसऱ्या भिंतीला बॅज, टोप्या, दोऱ्या, नावाच्या पट्ट्या. महूत इन्फन्ट्री स्कूल आहे, वॉर कॉलेज आहे, सिग्नल्सवाल्यांचं टेलिकम्युनिकेशन कॉलेज आहे, त्यामुळे गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक केस बारीक कापलेले तरुण, ‘सर, परसों परेड है’ म्हणत घाईत उभे. त्यांच्यात मी एकटी साडीवाली, काखेत मखमलीची फ्रेम घेऊन. मालक सत्तरीच्या आसपासचे, चष्मा दोऱ्याला, गळ्यात घड्याळजींचं असतं तसं भिंग. सगळे चाचा म्हणतात, मीही म्हटलं.

चाचांनी फ्रेम पाहिली आणि हसले नाहीत, ही त्यांची पहिली मोठी गोष्ट. फक्त म्हणाले, ‘‘बहनजी, ये बारात सज गई है, लाइन नहीं लगी.’’ मग ओळ कशी लागते ते सांगितलं. बघणाऱ्याच्या डाव्या हाताला सगळ्यात वरच्या मानाचं, तिथून उजवीकडे उतरत जायचं. नानांच्या बाबतीत आधी १९६५ चा समर सेवा स्टार, मग १९७१ चा पश्चिमी स्टार, मग पासष्टचंच रक्षा मेडल, मग संग्राम मेडल, मग ‘हिमालय’ची पट्टी असलेलं सैन्य सेवा मेडल, मग स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं, मग वीस वर्षांच्या नोकरीचं, आणि शेवटी नऊ वर्षांचं. तारा मिळाला म्हणजे माणूस प्रत्यक्ष लढाईच्या टापूत होता. रक्षा आणि संग्राम त्या काळात फौजेत असलेल्या बाकीच्यांनाही मिळाली. संग्रामसाठी ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ हा काळ धरतात. चौतीस वर्षं मी ह्या घरात आहे. हा फरक मला तिथे स्टुलावर बसून कळला. नानांनी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

नानांच्या युद्धाबद्दल आम्हाला जे माहीत होतं ते एवढंच: पासष्टला सियालकोटच्या बाजूला होते, रात्री केबल टाकायचे, दिवसा ती रणगाड्यांखाली तुटायची, की पुन्हा रात्री टाकायचे. विषय काढला की ते हेच सांगायचे आणि लगेच माईंकडे, माझ्या सासूबाईंकडे, वळून विचारायचे, ‘‘दूध तापवलंस का?’’

गोंद काढायला चाचांनी दोन दिवस मागितले. चाकूने खरवडणार नाही म्हणाले. मी आगाऊपणा करून सुचवलं की ब्रासोने चकाचक करून द्या. त्यावर ते पहिल्यांदा रागावले. ब्रासोने मेडल उजळतं, पण कडेवरचं नाव झिजतं. कडेवर नाव असतं? मला माहीत नव्हतं. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं आणि रक्षा मेडल दिव्याखाली कडेवर उभं धरलं. बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव. हुद्दा: नायक. संग्राम मेडलवर तोच नंबर, हुद्दा हवालदार. वीस वर्षांच्या मेडलवर नायब सुभेदार, आणि नंबर वेगळाच.

माझ्या पोटात धस्स झालं. म्हटलं, कुणा दुसऱ्याचं मेडल पन्नास वर्षं आमच्या घरात पडून आहे की काय! चाचा म्हणाले, घाबरू नका. जवान जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर) झाला की त्याचा नंबर बदलतो, नव्या नंबराच्या आधी जेसी लागतं. ‘‘यहीं से समझो साहब हो गए.’’ म्हणजे माणसाची अख्खी नोकरी मेडलांच्या कडांवर लिहिलेली होती, आणि आम्ही ती डब्यात वाजवत होतो. हो, डब्यातच. पारलेच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात, नेलकटर आणि शिलाईच्या रिळांसोबत. दिवाळीत साफसफाई करताना मी तो डबा कितीदा हलवला असेल!

इथे त्यांनी जे केलं, त्यासाठी अर्धा तारा परत. फ्रेममध्ये कडा दिसत नाहीत. कोर्ट माउंटिंगमध्ये मेडलं कडक पाठीवर शिवून टाकतात, म्हणजे ती लोंबत नाहीत, एकमेकांवर आपटत नाहीत. पण एकदा शिवली की कडा वाचणं अवघड. म्हणून चाचांनी प्रत्येक मेडलची कड भिंगातून वाचून स्वतःच्या हाताने एका कागदावर उतरवली, क्रमाने, आणि तो कागद पाकिटात घालून फ्रेमच्या पाठीला लावायचं ठरवलं. ह्याचे पैसे घेतले नाहीत. विचारलं तर म्हणाले, उद्या पुसता पुसता कुणी काच फोडली तर कुणाचं काय होतं ते कळायला नको?

आता हरवलेल्याचं. पंचविसाव्या वर्षाचं मेडल, १५ ऑगस्ट १९७२ रोजी जे नोकरीत होते त्या सगळ्यांना मिळालेलं. आमच्या धाकटीने बालवाडीत असताना १५ ऑगस्टच्या फॅन्सी ड्रेसला ते लावलं होतं. नानांनीच तिच्या फ्रॉकला सेफ्टी पिनने लावून दिलं. परत आली तेव्हा पिन होती. मी रिक्षावाल्याकडे, शाळेत, सगळीकडे विचारून आले. नाना म्हणाले, ‘‘जाऊ दे. फौजेत सगळ्यांना मिळालं होतं, ते काही माझं एकट्याचं नव्हतं.’’ आणि धाकटीला घेऊन सायकलवर जलेबी आणायला गेले. ती आता २९ वर्षांची आहे आणि त्या मेडलचा विषय निघाला की अजून खोलीतून उठून जाते.

चाचांकडे त्याची नक्कल होती. अगदी हुबेहूब, कडेवर कोरी. तीनशे रुपये. लावली असती तर कुणाला कळलं नसतं. पण त्यांनी आपणहून सांगितलं की ही कोरी आहे, मी नाव कोरणार नाही, लावायची असेल तर कागदावर ‘नक्कल’ असं लिहीन. मी घरी फोन केला. ह्यांनी धाकटीला फोन केला. तिने थोडा वेळ घेतला आणि सांगितलं, नको. म्हणून आमच्या फ्रेममध्ये सहाव्या जागी फक्त रिबिन आहे. खाली काहीच लटकत नाही. पाहुणे हमखास विचारतात, आणि उत्तर धाकटीला द्यायचं नसतं म्हणून आम्ही तिघं एकदम बोलायला लागतो.

रिबिनींचंही सांगते. मेडलच्या रिबिनी ३२ मिलिमीटर रुंदीच्या असतात. नानांच्या सहा इतक्या विरल्या होत्या की शिवता आल्या नसत्या, त्या नव्या लावल्या. दोन जुन्याच ठेवल्या, समर सेवाची आणि सैन्य सेवाची. त्यामुळे ओळीत रंग एकसारखे दिसत नाहीत. मला आवडलं, ह्यांना वाटतं धुतलेले आणि न धुतलेले कपडे एका दोरीवर वाळत घातलेत.

दोरीवरून आठवलं. आमच्या गच्चीवरच्या कपड्यांच्या दोऱ्या नानांनी बांधल्या होत्या, केबल बांधतात तशा गाठी मारून. ३० वर्षांत एक सुटलेली नाही. घरी आल्यावर ते एका कापड गिरणीत टेलिफोन ऑपरेटर होते, ती बंद पडेपर्यंत. नंतर हाताशी वेळच वेळ. गॅसचा नंबर लावणं, विजेचं बिल, नातवंडांची नखं, माझ्या आईचं डोळ्यांचं ऑपरेशन, ह्या सगळ्याची त्यांची एक वही असायची. नोकरीच्या वर्षांत दर आठवड्याला माईंना आंतरदेशीय पत्र. माईंनी ती सगळी तारखेप्रमाणे सुतळीने बांधून ठेवली होती. त्यांतलं एक मी वाचलंय, १९७१ च्या डिसेंबरातलं. युद्धाचं अक्षर नाही. पाण्याच्या टाकीला बूच कुठून आणायचं आणि सियागंजात कुठल्या दुकानदाराशी घासाघीस करायची, त्याचं सविस्तर वर्णन.

महूला ते शेवटची काही वर्षं शिकवायला होते. शनिवारी मीटरगेजच्या गाडीने इंदूरला, सोमवारी पहाटेच्या गाडीने परत. त्यांना महूचा अभिमान एकाच कारणासाठी होता. इंदुरात कुणी त्यांना ‘सुभेदार’ म्हणून हाक मारली, की एखादा तरी मल्हाररावांचं नाव घेऊन चेष्टा करायचा. त्यावर नाना म्हणायचे, ‘‘होळकर मोठे खरेच, पण महूला जा आणि सुभेदार रामजी सकपाळांचं नाव घ्या.’’ १४ एप्रिल १८९१ ला बाबासाहेब तिथे जन्मले ते वडील फौजेत होते म्हणून, हे ते प्रत्येक नातवंडाला जन्मभूमी दाखवायला नेऊन सांगायचे. आणि येताना राऊला कचोरी.

हे सगळं लिहिलं कारण एका ताऱ्याचा प्रश्न अजून बाकी आहे.

बिस्किटांच्या डब्यात मेडलांच्या खाली एक घडी घातलेला कागद होता. २००३ मध्ये माईंना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. त्यानंतर ११ वर्षं त्यांचं सगळं नानांनी केलं. मी नोकरी करत होते, हे फिरतीवर. बाई ठेवली होती, पण औषध आणि अंघोळ त्यांनी दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नाही. तो कागद म्हणजे औषधांचं वेळापत्रक, रुळाने आखलेलं: ०६३०, ०८००, १४००, २१३०. प्रत्येक वेळेपुढे गोळीचं नाव, रंग, आणि पाणी किती. तळाला ‘वळवणे, दर दोन तासांनी’ आणि त्याखाली लाल शाईत रेघ. डॉक्टरांनी चारदा औषधं बदलली तशी चारदा खाडाखोड आहे. घड्या पडून कागद मध्ये फाटलाय, तिथे पाठीमागून पोस्टाच्या स्टॅम्पच्या कडेची गोंदाची पट्टी. डिंकही वाया घालवायचा नाही, असा माणूस.

मी चाचांना म्हटलं, हा कागद मेडलांच्या खाली लावा. समोर.

त्यांनी कागद दोन्ही हातांनी घेतला, पूर्ण वाचला, घडीवर घडी घालून परत दिला आणि नाही म्हणाले. फौजी फ्रेमची एक रीत असते. मेडलं, फार तर फोटो, नावाची पट्टी. घरचा कागद त्यात बसत नाही; कुणी फौजी बघेल तर काय म्हणेल. मी हुज्जत घातली. मागे दोन कॅप्टन ताटकळत उभे होते, त्यांतल्या एकाने मान वळवून वेळापत्रकाकडे पाहिलं आणि मग छताकडे बघत राहिला. चाचा हलले नाहीत. शेवटी तोड निघाली ती पाठीमागची: कडांच्या कागदाचं जे पाकीट होतं, त्याच्या शेजारी दुसरं, जरा मोठं, आत आम्लाने पिवळा पडणार नाही असला कागद घालून. काम नीटनेटकं केलंय, त्यात खोट नाही. पण चूक ते चूक. ११ वर्षांत एकदाही पाठीला जखम होऊ दिली नाही त्या माणसाने. वीस वर्षांच्या नोकरीचं मेडल समोर आणि हे पाठीमागे, हे मला पटलेलं नाही, आणि म्हणून एक तारा कापला आहे. चाचांना तोंडावर सांगून कापला आहे. ते म्हणाले, ‘‘काट लीजिए.’’

बाकी बारीकसारीक. पितळी पट्टीवर पहिल्यांदा ‘सुबेदार’ आलं. मराठीत सुभेदार लिहितात हे मी लिहून दिलं होतं. कोरणाऱ्या मुलाने हिंदीच्या सवयीने केलं. पट्टी बदलून दिली, पैसे नाही घेतले, पण नऊ दिवस गेले. सगळं मिळून २६ दिवस आणि तीन खेपा. माउंटिंग, सहा रिबिनी, सागवानी चौकट, काच आणि पट्टी धरून ३,४०० रुपये. इंदूरवाल्याने ५,२०० घेतले होते, गोंदासकट. चाचा कार्ड घेत नाहीत. ऑनलाइन पैसे घेतात पण मुलगा दुकानात असेल तरच, कारण फोन त्याचा. बसायला एकच स्टूल. पार्किंग विसरा, गाडी लांब लावून चालत या. पावसाळ्यात जाणार असाल तर मेडलं प्लास्टिकच्या पिशवीत नेऊ नका, आत घाम धरतो. जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून न्या. हे चाचांचं सांगणं. मी नानांच्याच धोतरात नेली होती, सुचलं म्हणून नव्हे, हाताला तेच लागलं.

फ्रेम जड आहे, साडेतीन किलोच्या वर. एका खिळ्यावर टांगू नका. आमच्या ह्यांनी आधी एकच ठोकला आणि रात्री अडीचला भिंतीतून आवाज आला. आता दोन स्क्रू आहेत, जिथे नानांचं कालनिर्णय असायचं तिथे. कालनिर्णय स्वयंपाकघरात गेलं. फ्रेम डावीकडे बोटभर कलली आहे. मला दिसतं, ह्यांना दिसत नाही.

जायचं असेल तर बुधवार ते शुक्रवार, सकाळी अकरानंतर. शनिवारी कोर्सची मुलं गर्दी करतात. आणि मेडलांच्या कडा घरूनच वाचून जा. चाचांकडे भिंग एकच आहे.